वटारचे ऋतू आणि छायाचित्रांची साक्ष

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, नालासोपारा स्थानक आणि अरबी समुद्र ह्यांच्या दरम्यान, वटार हे गाव आहे. नंदाखाल, राजोडी, सत्पाळा व आगाशी ही त्याच्या आसपासची गावे. केळीच्या बागा, फुलांचे वाफे, पानवेली, भातखाचरे, विहिरी आणि बावखले ह्यांनी हा सगळा टापू घडविलेला आहे. आज तो वसई-विरार ह्या विस्तारलेल्या शहराच्या कक्षेत येतो. त्यामुळे येथील नित्याचे दृश्य एकाच वेळी खेड्याचे आणि शहराचे असते. वाडीच्या कुंपणापलीकडे नव्या इमारतीचे सांगाडे उभे दिसतात, आणि पहाटेच्या लोकलने मुंबईस नोकरीला जाणारा मनुष्य घरी परतल्यावर केळीला पाणी लावतो. अशा गावच्या रहिवाशाने आपल्याच गावाच्या रोजच्या व्यवहारांची व पालटत्या ऋतूंची छायाचित्रे घ्यावयाची म्हटले, तर त्या छायाचित्रांचे मोल कशात असते, आणि ती कोणत्या रीतीने घेतली असता पुढील अभ्यासकास उपयोगी पडतात, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथमच एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. ह्या भागाची जुनी छायाचित्रे अगदीच नाहीत असे नाही. परंतु त्यांत पाऊस जवळजवळ दिसत नाही. ज्या ऋतूवर येथील विहिरींचे पाणी, भाताचे पीक आणि वस्तीची सुरक्षितता अवलंबून आहे, नेमक्या त्याच ऋतूची चित्रमय नोंद दुर्मिळ असावी, ही बाब आकस्मिक नाही. तिला कारणे आहेत, आणि ती समजून घेतल्यावाचून आज काय टिपावयास हवे हे ठरविता येत नाही.

मुंबई इलाख्यात छायाचित्रणाचा प्रवेश लवकर झाला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन विद्यालयात ह्या कलेचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, तसेच हरिश्चंद्र चिंतामण, ही ह्या आरंभकाळातील एतद्देशीय छायाचित्रकारांची प्रमुख नावे होत. परंतु त्या काळच्या छायाचित्रकारांचे लक्ष प्राधान्याने लेणी, किल्ले, सरकारी इमारती आणि निरनिराळ्या जातींचे 'नमुने' ह्यांकडे होते. काचेच्या पट्ट्या, रसायने, तंबू हा सरंजाम गाडीवर लादून न्यावा लागे, आणि सरकारी अंमलदारांचा दौऱ्याचा हंगामही हिवाळ्याचाच असे. पावसाळ्यात वसईच्या चिखलवाटांनी हा सरंजाम नेण्याचे कोणास कारण नव्हते. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी वटारपासून फार दूर नसलेल्या सोपारे येथील स्तूपाचे उत्खनन केले, तेही १८८२ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे जमीन कोरडी असतानाच. विद्वानांची दृष्टी प्राचीन अवशेषांकडे लागली होती. वाटेत लागणाऱ्या वाड्या व त्यांत फिरणारे राहाट ह्यांकडे पाहण्याची गरज त्यांना वाटली नसावी.

ह्याच सुमारास इंग्लंडात मात्र एक निराळा विचार पुढे आला. सर बेंजामिन स्टोन ह्या गृहस्थाने १८९७ साली राष्ट्रीय छायाचित्र-नोंदीसाठी एक संस्था काढली. गावोगावच्या हौशी मंडळींनी आपापल्या परिसरातील इमारती, जत्रा व चालीरीती ह्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि ती ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवली जावीत, अशी ही योजना होती. १९१० साली ती संस्था संपली. तिचे पुष्कळसे काम लोप पावणाऱ्या 'जुन्या' गोष्टींविषयीच्या हळहळीने रंगलेले होते, आणि हळहळ ही नोंदीची चांगली सोबतीण नव्हे. तरीही छायाचित्राखाली स्थळ आणि तारीख लिहिण्याची शिस्त तिने घालून दिली, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे.

वटारसारख्या गावी अशी कोणतीही योजना झालेली नाही. तेथील जुने नित्यजीवन पाहावयाचे असेल तर ते घरोघरच्या लग्नाच्या अल्बमांतून शोधावे लागते. नवरानवरीचे चित्र घेताना पाठीमागे जे काही सहज आले, तेच आज अभ्यासकाचे धन आहे. मांडवाच्या खांबापलीकडे दिसणारी कौलारू पडवी, विहिरीचा कठडा, केळीचे लोंगर, अंगणातील भाताची उडवी, एखाद्या वृद्धेचे लाल लुगडे, पाहुण्यांच्या सायकली ह्यांपैकी कशाचेही चित्र घ्यावे असा छायाचित्रकाराचा हेतू नव्हता. हेतू नसल्यामुळेच त्या वस्तू सजविल्या गेल्या नाहीत. अशा चित्रांचे वाचन करताना मध्यभागापेक्षा कडांकडे अधिक पाहावे लागते.

परंतु लग्नाच्या अल्बमांची साक्ष घेताना लग्नाचे पंचांगही ध्यानात घ्यावे लागते. ह्या पट्ट्यात सामवेदी ख्रिस्ती, सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, भंडारी, आगरी, कोळी इत्यादी समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आले आहेत. हिंदू घरांत आषाढ शुद्ध एकादशीपासून चातुर्मास सुरू झाला की लग्ने थांबतात, ती कार्तिकात तुळशीचे लग्न लागल्यावर पुन्हा निघतात. ख्रिस्ती समाजात नाताळापूर्वीचा आगमनकाळ आणि ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ रूढीने वर्ज्य. म्हणजे लग्नसराई नाताळानंतर आणि मग ईस्टरपासून पावसापर्यंत. चर्चच्या नियमाने पावसाळ्यात विवाहास मनाई नाही, हे खरे. पण मांडव, वाजंत्री, पंगती आणि भातलावणी ह्यांचा मेळ कोण घालणार? अशा रीतीने दोन भिन्न धर्मांची पंचांगे निरनिराळ्या कारणांनी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि दोहोंतून ज्येष्ठ अखेरीपासून आश्विनापर्यंतचा काळ छायाचित्रांतून गळतो. भाद्रपदातील गणपतीची छायाचित्रे असतात. पण त्यांत कॅमेऱ्याचे तोंड मखराकडे वळलेले असते आणि दाराबाहेरचा पाऊस त्याच्या पाठीशी राहतो.

दुसरे कारण यंत्राचे. विसाव्या शतकाच्या मध्यास मध्यमवर्गीय घरांत पोचलेला कॅमेरा म्हणजे साधा पेटीवजा कॅमेरा. आग्फा कंपनीचा 'क्लिक' हा त्यांतील सर्वांच्या परिचयाचा. त्यातील रोलवर चौरस आकाराची बारा चित्रे निघत. भिंग मंद, झडपेचा वेग जवळजवळ ठरलेला आणि फिल्मही आजच्या मानाने संथ. त्यामुळे 'सूर्य पाठीशी ठेवा आणि उन्हात उभे राहा' हा नियम प्रत्येक नवशिक्यास प्रथम सांगितला जाई. आषाढातील ढगाळ दुपारी अशा कॅमेऱ्याने घेतलेले चित्र काळवंडून जाई. बारा चित्रांचा रोल आणि तो धुण्याचा खर्च ध्यानी घेता, काळे पडणारे चित्र घेण्याचा मोह कोणास होणार? शिवाय दमट हवेत भिंगावर बुरशी चढे, म्हणून मृगाचा पाऊस लागताच कॅमेरा कपाटात जाई.

पाऊस अजिबात चित्रित झाला नाही असे नव्हे. न्यूझीलंडचे छायाचित्रकार ब्रायन ब्रेक ह्यांनी भारतीय मॉन्सूनवर केलेली चित्रमाला १९६१ साली 'लाइफ' ह्या अमेरिकन साप्ताहिकात प्रसिद्ध झाली व जगभर गाजली. तिच्यातील सर्वांत नावाजलेले चित्र मुख वर करून पहिला पाऊस झेलणाऱ्या एका मुलीचे आहे. ती मुलगी म्हणजे पुढे चित्रपटक्षेत्रात नावारूपास आलेल्या अपर्णा सेन. आणि तिच्या चेहऱ्यावरचे थेंब कलकत्त्यात झारीने शिंपडलेले होते. चित्र सुंदर आहे ह्यात संशय नाही. परंतु पावसाची कल्पना आणि पावसाची नोंद ह्या दोन भिन्न गोष्टी होत, हे दाखविण्यास ह्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आता वटारच्या टापूत पाऊस नेमके काय करतो ते पाहू. मुंबईकडे मॉन्सून येण्याची सर्वसाधारण तारीख, हवामान खात्याने २०२० साली सुधारून दिलेल्या कोष्टकाप्रमाणे, ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. ह्या चार महिन्यांत, आणि त्यांतही जुलैत, बहुतेक सगळा पाऊस पडून जातो. समुद्रालगतच्या ह्या सखल व रेताड पट्टीत जमिनीखाली गोडे पाणी असते, आणि त्याच्या खाली व बाजूला खारे. गोडे पाणी हलके असल्यामुळे ते खाऱ्यावर तरंगत राहते. पावसाचे पाणी पुरेसे मुरले तर खारे पाणी दूर रेटले जाते. उपसा वाढला आणि मुरणे कमी झाले की ते विहिरीत शिरते.

ह्या नाजूक समतोलाचे रक्षण करणारी पारंपरिक सोय म्हणजे बावखल. बावखल हे साधे तळे नव्हे आणि विहीरही नव्हे. वाडीच्या मध्ये किंवा कडेला भूजलाच्या पातळीखाली जाईल इतके खोल खणलेले, ऐसपैस, उतरत्या काठांचे हे जलाशय पावसाळ्यात तुडुंब भरतात, आजूबाजूच्या जमिनीत पाणी मुरवितात आणि उन्हाळ्यात बागायतीला पाणी देतात. पूर्वी त्यांवर व विहिरींवर राहाट चालत; पुढे विजेचे पंप आले. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटिअरात आगाशीच्या सुक्या केळ्यांची जी वाखाणणी आढळते, ती सुकेळी करण्याजोगी राजेळी केळी ज्या बागांतून येत, त्या बागांच्या मुळाशी हेच पाणी होते.

बावखल पाडले जात नाही. ते बुजविले जाते. इमारत पाडली तर ढिगारा दिसतो. बावखलात मात्र प्रथम थोडा राडारोडा पडतो, मग काठ पुढे सरकतो, गवत उगवते, आणि काही वर्षांनी 'येथे पाणी होते' हे वाक्य केवळ वृद्धांच्या तोंडी उरते. नेमक्या ह्या ठिकाणी छायाचित्र हे हौसेची वस्तू न राहता पुरावा बनते. एप्रिलमध्ये घेतलेल्या चित्रात अर्धवट बुजलेले बावखल हा निव्वळ खड्डा दिसतो. जुलैच्या अखेरीस त्याच जागेवरून घेतलेल्या चित्रात तोच खड्डा शेजारच्या दहा वाड्यांचे पाणी धरून असलेला दिसतो. पहिले चित्र खोटे नाही, परंतु ते एकटे असेल तर दिशाभूल करणारे आहे.

हा प्रश्न कल्पनेतील नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईत टँकरने होणाऱ्या पाण्याच्या उपशाविरुद्ध व हरित पट्ट्याच्या रक्षणासाठी मोठे आंदोलन झाले. वटारच्या शेजारच्या नंदाखाल गावी १९४२ साली जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याच्या अग्रभागी होते. 'सुवार्ता'चे हे संपादक पुढे २०२० साली उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ साली दिवंगत झाले. १९९० साली ह्या प्रदेशाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे देण्यात आले. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका अस्तित्वात आली; गावांच्या समावेशास तीव्र विरोधही झाला. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली. ह्या सगळ्या काळात पाणी कोठे साचत होते, कोणत्या वाटेने वाहून जात होते, ह्याविषयी वाद झाले. आणि वादात आठवणीसमोर आठवण उभी राहिली. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा येथे लोहमार्ग पाण्याखाली जाऊन पश्चिम रेल्वेची वाहतूक खंडित झाली, तेव्हाची छायाचित्रे पुष्कळ आहेत. परंतु बहुतेक स्थानकाची. त्याच पावसात पश्चिमेच्या वाड्यांतून पाणी किती उंचीपर्यंत चढले आणि किती दिवसांनी ओसरले हे दाखविणारी मालिका हवी असल्यास ती कोणी मुद्दाम घेतलेली असावी लागते.

मालिका हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एकटे चित्र ऋतू दाखवू शकत नाही. ऋतू हा दोन चित्रांमधील फरक असतो. जोसेफ सुडेक ह्या झेक छायाचित्रकाराने १९४० ते १९५४ ह्या काळात प्राग शहरातील आपल्या कार्यशाळेच्या खिडकीतून बाहेरच्या अंगणाची चित्रे घेतली. तीच खिडकी, तेच वेडेवाकडे झाड. पालटत होते ते काचेवरचे दव, बर्फ आणि उजेड. युद्धाच्या दिवसांत बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणे अवघड होते, त्यातून ही पद्धत जन्मास आली, असे म्हणता येईल. कलावंताने तिच्यातून काव्य काढले. अभ्यासकाने तिच्यातून शिस्त घ्यावी. ह्याच तत्त्वाचा काटेकोर वापर अमेरिकेत १९७७ ते १९७९ ह्या वर्षांत झाला. मार्क क्लेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातील भूसर्वेक्षणाची छायाचित्रे ज्या बिंदूंवरून घेतली गेली होती, ते बिंदू शोधून तेथूनच पुन्हा चित्रे घेतली. जवळच्या व दूरच्या वस्तूंची परस्परसंगती जुळवून कॅमेऱ्याची जागा, आणि सावल्यांवरून दिवस व वेळ, ते निश्चित करीत.

वटारमध्ये असे काम करावयाचे तर खर्च काहीच नाही. चार-पाच ठिकाणे निवडावीत: एखादे बावखल, एखादी विहीर, भातखाचरातून जाणारा रस्ता, बाजाराचा नाका, समुद्रकिनारा. प्रत्येक ठिकाणी हलणार नाही अशी खूण धरावी. पुलाचा कठडा, क्रूसाचा चौथरा किंवा देवळाची पायरी ही झाडापेक्षा बरी, कारण झाड वाढते व पडते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ ह्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा वसईच्या केळीच्या बागा आडव्या झाल्या. झाडाची खूण धरणाऱ्याची खूण त्या दिवशी गेली असती. विहिरीच्या कठड्याचे दगड मोजता येतील असे चित्र घेतल्यास महिनोमहिनी उतरणारे पाणी चित्रावरूनच मोजता येते.

उजेडाची गणिते थोडी निराळी आहेत आणि ती रंजकही आहेत. वटारचे अक्षांश सुमारे १९.४ उत्तर. म्हणून मे महिन्याच्या १७ तारखेच्या आसपास व पुन्हा जुलैच्या २६ च्या आसपास मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि खांबाची सावली त्याच्या पायातच विरते. ह्या दोन तारखांच्या दरम्यान दुपारचा सूर्य उत्तरेस असतो. ज्या उत्तरेकडच्या भिंतीला वर्षभर मध्यान्हीचे ऊन लागत नाही, तिला ते ह्या काळात लागू शकते. परंतु जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढग दाटून येत असल्यामुळे प्रत्यक्षात अवघे तीन-साडेतीन आठवडेच. जुन्या चित्रात अशा भिंतीवर दुपारचे ऊन पडलेले दिसले, तर ते चित्र बहुधा मे अखेरीचे, असा तर्क करता येतो. उलट डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस सत्तेचाळीस अंशांवर असतो आणि दहा फुटी खांबाची सावली सव्वानऊ फूट पडते. तारीख न लिहिलेल्या लग्नाच्या फोटोतही अशा रीतीने महिना शोधता येतो.

सूर्यास्ताचे चित्र हे हौशी छायाचित्रकाराचे आवडते, आणि म्हणून थोडे बदनाम. तथापि राजोडीच्या किनाऱ्यावर एकाच जागी उभे राहून वर्षभर ते घेतले तर ते उत्तम ऋतुदर्शक ठरते. जूनच्या अखेरीस सूर्य पश्चिमेच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेस मावळतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेस. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश व्यापते. म्हणजे सूर्य वर्षात क्षितिजावर पाच मुठी इकडून तिकडे सरकतो.

किनाऱ्यावर आणखी एक अट येते, ती भरती-ओहोटीची. घड्याळाची तीच वेळ धरली म्हणजे तेच दृश्य मिळेल असे येथे होत नाही. कोकण किनाऱ्यावरील जुना हिशेब असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ येते. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारी व मध्यरात्री बाराच्या अलीकडे भरती. अष्टमीस सहा, म्हणून सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास. हिशेब ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे होतो. पण कोणत्या दिवशी जावे हे ठरविण्यास पुरेसा आहे. समुद्राची तुलनीय चित्रे हवी असतील तर इंग्रजी तारीख न धरता तिथी धरावी. ह्याचा संबंध वाडीतील पाण्याशीही पोचतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला तर ओढ्या-नाल्यांचे पाणी समुद्रात उतरू शकत नाही व मागे तुंबते. म्हणून तुंबलेल्या पाण्याच्या छायाचित्राखाली पावसाची तारीख लिहिणाऱ्याने तिथीही लिहावी. तिच्यावाचून पाणी कशाने साचले, नाला बुजल्याने की समुद्र चढल्याने, हे पुढील काळी ठरविता येणार नाही.

आजचा मोबाइल कॅमेरा आषाढाच्या उजेडातही चित्र घेतो. जुना अडथळा नाहीसा झाला. एक नवा मात्र आला. हे यंत्र छायाचित्रकारास न विचारता उजेड वाढविते आणि रंग 'दुरुस्त' करते. पावसाळी दुपारचा करडा-निळा उजेड त्याला दोष वाटतो. तो काढून टाकून ते पांढरा उजेड घालते. परिणामी जुलैची दुपार आणि नोव्हेंबरची दुपार रंगाने सारखी दिसू लागते, म्हणजे ज्यासाठी चित्र घेतले तेच पुसले जाते. रंगाचा समतोल 'दिवसाचा उजेड' ह्या एकाच मापावर कायम ठेवला, तर हा दोष टळतो.

माणसांची चित्रे घेताना शिस्तीबरोबर रीतही पाळावी लागते. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी निघाली. तेव्हापासून वसईच्या भाजीचा, फुलांचा व केळीच्या पानांचा प्रवास लोहमार्गाने होत आला आहे. पहाटे नालासोपारा किंवा विरार स्थानकावर फुलांचे भारे चढविणाऱ्या स्त्रिया, उन्हाळ्यातील मोगरा व दसऱ्याचा झेंडू, कार्तिक वद्य एकादशीपासून भरणारी निर्मळची जत्रा, अर्नाळ्यास बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, पावसाळ्यातील बंदीत वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, भात निघाल्यावर त्याच ओलीवर पेरलेला वाल, हे सगळे ऋतूचेच दर्शन होय, आणि ते माणसांच्या हातांतून घडते. ज्याचे चित्र घ्यावयाचे त्यास विचारावे. आणि चित्रातील अवजाराला, टोपलीला, वाफ्याला तो कोणता शब्द वापरतो तो तेथल्या तेथे टिपून घ्यावा. सामवेदी समाजाच्या कादोडी बोलीत आणि वाडवळ बोलीत एकाच वस्तूला निराळी नावे आढळतात. पुस्तकी मराठीतील नाव चित्राखाली नंतर केव्हाही घालता येईल. बोलीतील शब्द सांगणारा मनुष्य पुन्हा भेटेलच असे नाही.

जतनाविषयी दोनच गोष्टी सांगणे पुरे. मोबाइल प्रत्येक चित्राबरोबर तारीख व वेळ नोंदवितो, आणि परवानगी दिली असल्यास स्थळही. परंतु तेच चित्र व्हॉट्सॲपवरून पाठविले की ही नोंद गळून पडते व चित्रही लहान होते. म्हणून मूळ प्रत निराळी, दोन ठिकाणी ठेवावी, आणि फाइलीच्या नावातच स्थळ, तारीख व तिथी घालावी. दुसरी गोष्ट जुन्या अल्बमांची. समुद्रकाठच्या दमट हवेत चिकट पानांच्या अल्बमातील चित्रे पानाला धरतात आणि निगेटिव्हवर बुरशी वाढते. ती ओढून काढू नयेत. पानासकट, कोरड्या हवेत, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या सुमारास, त्यांच्या प्रती घ्याव्यात. प्रत घेताना चित्राची कड कापू नये, आणि मागील बाजूस काही लिहिलेले असल्यास तिचेही छायाचित्र घ्यावे. घरातील वडीलधाऱ्या मंडळींसमोर ती चित्रे ठेवून पाठीमागची विहीर कोणाची, तो रस्ता कोणता, पाणी तेव्हा कोठवर येत असे, हे विचारून उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ज्या विहिरी व बावखले अशा रीतीने ओळखली जातील, त्यांच्या काठी पुढील पावसाळ्यासाठी पहिला ठरलेला बिंदू निवडावा आणि मृग लागण्यापूर्वी, पाणी सर्वांत खाली असताना, तेथून पहिले चित्र घेऊन ठेवावे.